आईच्या कासवाचा लंगडा पाय

कोकणातली बाई म्हटलं की तिनं भूत बघितलेलं असणारच, असं इकडं सगळ्यांना वाटतं. लग्न होऊन बोरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात जाऊबाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडं माणसांपरीस भुतंच लय म्हणं?" मी तेव्हाही नाही म्हणाले आणि आजही नाहीच म्हणते. कुणाच्या अंगात आलेलं मला खरं वाटत नाही, दाराला मी लिंबू-मिरची बांधत नाही. शाळा सहावीत सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील... पण लिहिते ते डोळ्यांनी बघितलेलं आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडा.

बोरी म्हणजे जिंतूर तालुक्यातलं मोठं गाव. आमचं घर बाजारगल्लीत — पुढं कापडाचं दुकान, मागं राहायचं. आम्ही लिंगायत वाणी. माझं माहेर मालवणकडं. कोल्हापूरच्या नातेवाइकांनी स्थळ जुळवलं, लग्नही तिथंच लागलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं लागणार आहे — या घरातलं एकही माणूस तोवर माझ्या माहेरी गेलेलं नव्हतं, आणि माझी आई बोरीला आलेली नव्हती.

मिस्टर सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, रविवारी यायचे. बाकी दिवस घरात सासरे म्हणजे अप्पा, थोरले भावजी, जाऊबाई आणि मी. माझं बोलणं कुणाला कळायचं नाही, मला त्यांचं कळायचं नाही. मी जेवेनाशी झाले. तेव्हा अप्पांनी परभणीहून ओला नारळ मागवून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, "माय, ह्याचं काय करत्यात ते कर, अन् मलाबी दे." तो नारळ मी विसरलेली नाही. विसरणारही नाही.

पुढं अप्पांना कंपवात झाला. डाव्या हाताची बोटं सारखी विडी वळल्यासारखी हलायची. चेहरा दगडासारखा झाला. आमच्यात रोज अंघोळीनंतर गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात आणि पूजा करतात. त्या हातावर लिंग ठरेना. अप्पा दुकान सोडायला तयार होते, चालणं सोडायला तयार होते, पण पूजा नाही. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि महिन्याभरात हात थांबला. तळहातावर लिंग, वर बेलाचं पान, आणि पान हलत नव्हतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन रडले होते.

तीनेक महिन्यांनी एका सकाळी मी सडा घालून आत गेले, बाहेर आले तर अप्पा अंगणात बसून रांगोळी काढत होते. पुढून बघितलेली बैलगाडी. दोन बैलांची तोंडं, मागं गाडी हाकणारा धुरकरी. या माणसानं जन्मात कधी काही काढलेलं नव्हतं. रांगोळी सोडताना हाताला थोडा कंप यायचाच, त्यानं रेघेला बारीक लाट यायची, जशी पाण्यातली सावली.

मग रोजच सुरू झालं. गोळी घेतली की अर्ध्या तासानं हात मोकळा व्हायचा आणि मग अप्पा थांबायचे नाहीत. अंगण भरलं की खडू घेऊन दुकानाच्या फळ्यांवर, मग कापडाच्या गठ्ठ्यांच्या कागदावर. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. गिऱ्हाईक ताटकळायचं आणि निघून जायचं. भावजी चिडायचे, ते काही अगदीच खोटं नव्हतं.

समोरचा चहावाला एकदा म्हणाला, "अप्पा, पुढल्या जन्मी बाई होणार दिसतंय तुमी."

अप्पांनी मान वर केली नाही. "ह्याच जन्मी झालो तर तुझं दूध नासायलंय का?"

आणि मग ते कासव.

माझ्या आईचं रांगोळीतलं एक कासव होतं, ठिपक्यांचं. तिला ते तिच्या मावशीनं शिकवलेलं, आणि शिकताना एक चूक राहून गेली होती. मागच्या उजव्या पायाला एक वळसा कमी पडायचा आणि एक ठिपका बाहेर उघडा राहायचा. आई त्या ठिपक्यावर हळदीचं बोट टेकवायची. आम्ही हसायचो, तर म्हणायची, "लंगडां आसा तां. म्हणान घर सोडून जावचां नाय." हे कासव मी बोरीत कधी काढलं नव्हतं. रांगोळी जाऊबाई काढायच्या, चार रेघांचं कमळ, रोज तेच. मला काढू दिली असती तरी मी कासव काढलं नसतं. रडू आलं असतं.

त्या सकाळी अप्पांच्या रांगोळीत मागचा उजवा पाय एका वळशानं तोकडा होता. ठिपका बाहेर. त्यावर हळद.

मी म्हटलं, "अप्पा, हे कुठं बघितलंत?"

"बघितलं न्हाई. हात गेला तिकडं."

"अन् हा पाय?"

"लंगडं हाय ते," अप्पा म्हणाले. "कुठं जाणार न्हाई."

मी हातातली सड्याची बादली टाकली आणि तिथंच बसून मोठ्यानं रडले. रडता रडता सगळं सांगून टाकलं — आई, मावशी, हळद, सगळं. ही माझी चूक. तोंड मिटून ठेवलं असतं तर पुढचं झालं नसतं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं की कोकणातल्या सुनेनं सासऱ्यावर करणी केली, तिच्या माहेरचं भूत म्हाताऱ्याच्या हातानं रांगोळी काढायलंय. भावजींनी गोळ्यांची बाटली उचलून कपाटात कुलूपबंद केली. "ह्या गोळ्यांनीच डोकं फिरायलंय त्यांचं. त्या बंद केल्या की रांगोळीबी बंद अन् भूतबी बंद."

विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होते, एस.टी. उभ्या होत्या. मिस्टर सेलूला अडकलेले. औरंगाबादेहून दुसरी बाटली येण्याचा प्रश्नच नव्हता. मी घाबरट बाई, चार दिवस गप्प राहिले. चार दिवसांत अप्पा लाकूड झाले. पाचव्या दिवशी पूजेला बसवलं, मी फुलं घेऊन समोर होते. तळहात थरथरला आणि लिंग घरंगळलं. मी ओंजळ पुढं केली... माझ्या ओंजळीत पडलं.

अप्पांचा चेहरा हलत नव्हता, नुसतं डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "माय, एवढं हातात राहू दे. रांगोळी न्हाई काढणार मी. सांग त्यांना."

लिंग त्यांच्या डबीत ठेवलं आणि तशीच दुकानात गेले. भावजींपुढं त्याआधी मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या दिवशी पदराचं भान नव्हतं.

"गोळ्या द्या."

"अन् परत कासव काढलं तर?"

"काढू द्या. मी सडा घालून देईन."

"लोक तुला करणीवाली म्हणायलेत, कळतंय का?"

"म्हणू द्या. मला करणी येत असती तर आधी एस.टी. चालू केली असती अन् माहेरी गेले असते."

दारातून कुणीतरी फिस्सकन हसलं. जाऊबाई होत्या. त्यांनी कमरेची कपाटाची किल्ली काढून माझ्या हातात दिली. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "काय बघायलाव? भूत असलं तर असू द्या. आपल्याला तर त्यानं काही केलं न्हाई." भावजी गिऱ्हाइकाकडं वळले. त्यानंतर त्यांनी गोळ्यांना हात लावला नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि अप्पांच्या हाताचा कंप परत थांबला. आठवड्यानं ते रांगोळीच्या डब्याकडं बघत बसले होते. मी डबा उचलून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी बैलगाडी काढली. पुढं सहा वर्षं काढत राहिले, शेवटच्या महिन्यापर्यंत. कासव मात्र पुन्हा नाही. मी एकदा म्हटलं, काढा ना. म्हणाले, "हात जाईना तिकडं."

माझी भाचेसून डॉक्टर आहे. ती सांगते, या आजाराच्या गोळ्यांनी असं होतं काही जणांना, कधी न काढणारी माणसं चित्रं काढायला लागतात. मला पटतं, सगळं पटतं. मी विचारलं, "अन् आईची चूक? तीही गोळीत होती का?" ती म्हणाली, "तुम्हीच कधीतरी काढलं असेल, मामी, आठवत नसेल." तिला शिक्षण आहे, मला नाही. पण मी काढलं नव्हतं. हे मला कुणी शिकवू नये.

बंद उठल्यावर मी माहेरी गेले होते. आईच्या अंगणात कासव नव्हतं, नुसती स्वस्तिकं. विचारलं तर म्हणाली, "तू गेल्यापासून हात वळना नाय." मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल, देवाला कौल लावायला निघेल. ती सूप खाली ठेवून ऐकत राहिली आणि शेवटी एकच विचारलं, "हळद लावल्यानी?"

"लावली."

"मगे बरां झालां," म्हणाली, आणि सूप उचलून तांदूळ पाखडायला लागली.

कारण तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. करणी मात्र नव्हती. ते कुणी म्हणालं तर अजूनही भांडेन.