नवरीचं दार

गेसाच्या माहेरच्या घराला पुढून एक दार आहे. त्याला बाहेरून ना कडी, ना कुलूप, ना धरायला मूठ. ते फक्त आतून उघडतं. हॅम्बर्गजवळ, एल्बे नदीकाठी, शेकडो वर्षांपूर्वी दलदल उपसून वसवलेला सफरचंदांच्या बागांचा तो मुलूख. तिथल्या जुन्या घरांना अशी दारं असतात. नवी सून त्या दारानं आत येते आणि घरातलं कुणी वारलं की त्याच दारानं बाहेर जातं. एरवी सगळे मागच्या दारानं. गेलेल्या माणसामागे ते दार घरच्याच कुणीतरी आत राहून लावायचं, अशी रीत.

गेसाची आई त्या दारानं आली आणि त्याच दारानं गेली. गेसा इंग्रज मेकॅनिकशी लग्न करून मागच्या दारानं निघाली ती कॉव्हेंट्रीला आली. शाळेच्या किचनमध्ये आयुष्यभर बटाटे सोलले, मुलगा वाढवला, नवऱ्याला निरोप दिला. आई गेली तेव्हा छोटा पीटर तापानं फणफणला होता. हॉस्पिटलमध्ये ती त्याच्या उशाशी बसून राहिली. पीटर बरा झाला. आईला पोचवायला न गेल्याची तिच्या मनातली रुखरुख काही गेली नाही.

आता भाऊ हिन्रिक गेला. या वेळी तरी तिला जायचं होतं. पण खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टर विमानात बसू देईनात.

"मम, हट्ट नको करूस. तिथं पडलीस तर?" पीटर फोनवर म्हणाला.

"मग बरंच की. न्यायला दार तयारच आहे."

"मम!"

तिनं फोन ठेवला. हसायचेसुद्धा श्रम होत होते.

अंत्यविधीच्या सकाळी शेजारची मालविका उपमा घेऊन आली. नागपूरची, घरूनच काम करणारी. गेसाला ती आजी म्हणायची. तिनं टॅबलेट टेबलावर उभा करून दिला. हिन्रिकचा मुलगा योर्न पडद्यावर आला. काळा कोट, तांबारलेले डोळे.

"आत्या, एक अडचण आहे. सगळे चर्चला येणार. बाबांना नेल्यावर पुढचं दार आतून लावायला कुणीच नाही. घरचं म्हणून मी एकटाच, आणि मला बाबांबरोबर जायचंय."

"मग?"

"त्यांना कोठाराच्या दारानं नेऊ का? ट्रॅक्टर नेतो तसं?"

गेसा म्हणाली, "आईच्या वेळी दार कुणी लावलं होतं?"

"तुला ठाऊक नाही? बाबांनी. आजीला माती दिली तेव्हा ते तिथं नव्हतेच. दार लावून आत बसले होते."

म्हणजे गेसा तेव्हा तिथं असती तर दार लावायला तीच आत राहिली असती. लेकीच्या जागी लेक राहिला, आणि पुढे इतक्या वर्षांत, ख्रिसमसच्या एवढ्या फोनांत, एका शब्दानं बोलला नाही.

"योर्न, तुझा फोन चार्जरला लाव. आतल्या खिडकीत ठेव, दार दिसेल असा. दार उघडंच राहू दे. तू परत आलास की लाव."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे आत."

"आत्या, तू कॉव्हेंट्रीत आहेस."

"माहितीये रे बाबा. मांजर शिरलं तर इथून ओरडेन."

योर्न हसला की रडला ते कळलं नाही. पडदा हलला, मग स्थिर झाला. शवपेटी गेली. मागून बूट गेले. उरलं उघडं दार आणि त्यातून दिसणारी मोहरलेली बाग. अधूनमधून वाऱ्यानं एखादी पाकळी उंबऱ्याच्या आत यायची.

उपमा गार झाला. मालविका मीटिंग संपवून परत आली तरी गेसा तशीच बसलेली.

"आजी, अजून काय बघताय? गेले ना सगळे?"

"राखण करतेय."

"तुमचे डोळे मिटताहेत. टेका जरा, मी बघते."

"नको. घरचंच माणूस लागतं." गेसानं दुखरा पाय जरा सरळ केला आणि शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "पण तू बस इथं. मला झोप लागली तर उठव."