घरभर मास्तर

अण्णा चपलांच्या दुकानात कामाला. नुसता पाय बघून नंबर सांगायचे, पण पालकसभेत कायम मागच्या बाकावर बसायचे. एकदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मुलांच्या यशात घरच्यांचा वाटा मोठा असतो." अण्णांनी हे इतकं मनावर घेतलं, की घरी येताच सगळ्यांना समोर बसवून लेकीचे विषय वाटून टाकले.

गणित धाकट्या भावाकडे, कारण तो वायरमन होता आणि खिशाला टेस्टर लावायचा. इतिहास थोरल्या बहिणीकडे, कारण तिला घरातली जुनी भांडणं तारखेनिशी पाठ. विज्ञान स्वतःकडे.

"आणि पोरीनं काय करायचं?" बायकोनं विचारलं.

"तिनं फक्त शिकायचं!"

तोवर आठवीतली लेक खालच्या मजल्यावर, शिलाईवाल्या काकूंच्या मुलीबरोबर अभ्यास करायची. दोघी एकाच वर्गात. शेजारी मशीनची खडखड, त्यात या दोघींचं खिदळणं. अण्णांनी ते बंद केलं. अभ्यासाला वातावरण लागतं म्हणे.

मग वातावरण तयार झालं. काका एकच गणित वेगवेगळ्या रीतींनी चुकवायचा आणि शेवटी पुस्तकातलं उत्तरच खोटं ठरवायचा. आत्या तहाच्या कलमांवरून घसरायची ती थेट भावजयीच्या माहेरावर. श्वसनसंस्था समजावताना अण्णांनाच धाप लागायची. सहामाहीत लेक गणितात आपटली.

वर्गशिक्षकांनी बोलावलं, तर सगळं घर हजर.

"काय गं, घरी अभ्यास होत नाही का?"

"होतो ना सर. पण हेच सगळे करतात, मला वेळच मिळत नाही."

सरांना एकदम खोकला आला. अण्णांचे कान लाल झाले.

घरी परतताना अण्णा जिन्यात काकूंच्या दाराशी थांबून लेकीला म्हणाले, "जा. पण हसत बसू नका."

"हसल्याशिवाय हिला समीकरणं सुटत नाहीत, अण्णा!" आतून मैत्रीण ओरडली.

वार्षिक परीक्षेत लेकीनं गणितात झकास गुण मिळवले. मुख्याध्यापिकांनी भर सभेत अण्णांना पुढे बोलावलं. "घर असावं तर असं!" टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या शिलाईवाल्या काकूंच्या. अण्णांना त्यांच्याकडे बघवेना. घसा खाकरून ते म्हणाले, "खरं श्रेय माझं नाही..."

हे ऐकताच आत्या आणि काका उभे राहिले आणि चहूबाजूंनी नमस्कार करू लागले. अण्णांचं पुढचं वाक्य टाळ्यांत कुणालाच ऐकू गेलं नाही.