रॅन्सफर्डची बाजू

युलालीने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलं. पोरं तिच्या पळीला घाबरायची आणि मुख्याध्यापक तिच्या तोंडाला. अशी बाई निवृत्त होऊन घरी बसली की तिची नजर कशावर तरी पडणारच. ती पडली घराच्या बाजूच्या अंगणावर.

तिथे पंधरा वर्षांत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. आई गेल्यावर धाकटा भाऊ रॅन्सफर्ड म्हणाला, माझा हिस्सा विकतो. वाडवडिलांची जमीन विकत नसतात, हे युलालीने त्याला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "ती बाजू माझी, हात लावू नकोस," म्हणून तो लंडनला निघून गेला. तिनेही हट्टाने हात लावला नाही. गवत पुरुषभर वाढलं, अमरवेलीने सगळं गिळलं.

"आता मी तिथे कलालूची भाजी लावणार," तिने शेजारच्या म्हाताऱ्या एनॉसला सांगितलं. "कुंपणापर्यंत सगळं साफ कर."

"आणि रॅन्सफर्ड?"

"तो काय लंडनहून गवत उपटायला येणार आहे?"

तिसऱ्या दिवशी अमरवेलीच्या गुंत्यात एक निष्पर्ण खोड लागलं. "वाळलंय. पाड," युलाली म्हणाली. खोड पडलं, तेव्हा एनॉसच्या कोयत्याला पांढरा चीक लागला होता.

"बाई, हा नीरफणस आहे," तो म्हणाला. "जिवंत होता."

युलाली पायरीवर खाली बसली. आमच्या जमैकात मूल जन्मलं की त्याची नाळ अंगणात पुरून वर झाड लावतात. तिचा आंबा दारात होता. रॅन्सफर्डचं झाड हे. सात वर्षांची असताना त्याला पहिलं पाणी तिनेच घातलं होतं. मोठ्या वादळात ते गेलं असं ती धरून चालली होती, आणि बघायला कधी गेलीच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

ऑगस्टमध्ये रॅन्सफर्डचा फोन आला. नाताळला दोन आठवडे येतो म्हणाला. मग थांबून विचारलं, "माझं झाड आहे ना गं?"

"आहे," ती म्हणाली. त्या रविवारी चर्चमध्ये ती पुढचा हक्काचा बाक सोडून मागे बसली.

इकडे वाफे झाले, कलालू उगवली. तिच्यात रुंद पानांचे कोंब येऊ लागले. दोन तिने तण म्हणून उपटले. तिसऱ्याला हात घातला तेव्हा एनॉस कुंपणावरून ओरडला, "अगं, मुळाला कुदळ लागली की नीरफणस फुटतो! उपटतेस कुणाला?"

मग तिने कलालूच उपटली.

डिसेंबरात रॅन्सफर्ड काठी टेकत आला तो थेट बाजूच्या अंगणात. बुंध्याकडे बघत उभा राहिला.

"मीच तोडायला लावलं," युलाली म्हणाली. "फोनवर खोटं बोलले."

 रॅन्सफर्ड वाफ्याकडे वळला. "ही किती आहेत?"

"पाच. एकच ठेवायचं. कुठलं, ते तू सांग."

"फळ धरायला पाच वर्षं लागतील, युला."

"लागू देत. तुला कुठे जायची घाई आहे?"

रॅन्सफर्डने काठी तिच्या हातात दिली आणि गुडघा धरत वाफ्याशी खाली बसला.