मेन पाडू नका

राज्याची वाटणी होत होती तेव्हाची गोष्ट. तारनाक्याच्या आमच्या इमारतीत कोण इकडच्या राज्यात राहणार, कोणाची बदली तिकडच्या नव्या राज्यात, याखेरीज बोलणं नसे. मला मात्र धास्ती होती लिफ्टची. तिला चालवणारं पॅनेल आमच्याच कंपनीचं, त्यातला प्रोग्राम माझा.

ही लिफ्ट कधीकधी दार उघडं असतानाच सरकायची. शेजारच्या पोरीचा पाय थोडक्यात वाचला होता. पॅनेल गोंधळलं की स्वतःच रीसेट व्हायचं आणि पुन्हा सुरू होताना सगळी मेमरी झाडून काढायचं. मग बिघडलं काय, ते कळणार कसं? म्हणून मेमरीचा एक कोपरा न झाडता ठेवायची सोय मी केली. शेवटच्या नोंदी तिथे रीसेटनंतरही टिकत. वीज गेली की मात्र त्याही जात. आणि आमचा वॉचमन लिफ्ट अडली की आधी मेन स्विच पाडायचा. दोनदा त्याने असा माझ्या कष्टांवर बोळा फिरवला.

त्या दुपारी आईला घेऊन वर निघाले. दोन मजल्यांच्या मध्ये धक्का बसला. पंखा थांबला, आकडे विझून पुन्हा पेटले. रीसेट. लिफ्ट मात्र हलेना.

खालून वॉचमन ओरडला, "मेडम, मेन गिराके हात से नीचे उतारतूं."

"नक्को! मेन कू हात नक्को लगाव."

ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन केला, लॅपटॉप घेऊन लगेच ये. त्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. आईला दमा. तिचा श्वास वाजू लागला.

"पाडू दे की गं त्याला," ती म्हणाली.

मी ओढणीने वारा घालत राहिले. तिचा श्वास अडकेल ही एक भीती आणि वीज जाईल ही दुसरी. मोठी कोणती, ते मी स्वतःला विचारलं नाही.

सहकारी आला, त्याने पॅनेलला लॅपटॉप जोडून नोंदी उतरवून घेतल्या, मगच मेन पडली आणि आम्ही बाहेर आलो. दार उघडं असतानाही ते बंद असल्याची खूण पॅनेलला जात होती. दोष निघाला, लिफ्ट सुधारली. पोरीची आई पेढे देऊन गेली.

माझ्यासोबत मात्र आई जिन्यानेच चढते, दर मजल्यावर दम खात. एकदा मी चिडलेच, "आता कशाला भितेस? लिफ्ट नीट झालीय ना?"

"लिफ्टला कुठं भिते मी," ती म्हणाली. "एकटी असले की बसते की तिच्यात."