तळहातावरचा थेंब

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी घाण्यावर तेल काढणारे एक चाचा बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. बाटली पुढे केली की ते आधी विचारणार, "काय करायचं हाय?" रश्श्याला शेंगतेल, भाकरीबरोबरच्या चटणीवर करडईचं. भलतं मागितलं तर बाटली रिकामीच परत.

मग गिऱ्हाइकाच्या तळहातावर एक थेंब सोडून म्हणणार, "वास घ्या." मला वाटायचं, मालाचा रुबाब दाखवतात.

परवा मी घाईत होतो. हात नाकाजवळ नेल्यासारखा केला आणि म्हणालो, "एक नंबर!"

चाचांनी डब्याची तोटी बंद केली. "पावणं, न्हाय घेतला तुमी वास. नीट घ्या की. मागल्या आजारपणात माझं नाक गेलंय, वास म्हणून कायबी कळंना. तुमी सांगशीला त्येच खरं."

मी ओशाळलो. तळहात चोळून खरंच वास घेतला. शेंगदाण्याच्या वासामागे किंचित काहीतरी होतं. अडखळत म्हणालो, "जरा खवट वाटतंय."

"व्हय?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, माझ्याकडे संशयानं पाहिलं नाही. भरलेला अख्खा डबा उचलून दिव्याच्या तेलाच्या डब्यांत नेऊन ठेवला. "उद्या या. नवं काढून ठेवतो."

रिकामी बाटली घेऊन मी घरी आलो. आमच्याकडे मी आमटीत मीठ कमी आहे म्हटलं, तरी आधी दोघं जण चाखून बघतात.