पायलीसोबत सांगायचं असतं

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर तुमसरच्या गाडीची वाट पाहत होते. तिच्याकडेच, बपेऱ्याला निघाले होते. पिशवीत तिला विचारायच्या प्रश्नांचा कागद होता... परीक्षेमुळे हे जाणं मी दोनदा पुढे ढकललं होतं. त्या फोनला आता दीड महिना झाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण माझ्या शिक्षणातला मला सगळ्यांत नीट कळलेला धडा चौथी शिकलेल्या मावशीने दिला, एवढंच मला सांगता येईल असं वाटतं.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून मला नॉलेज ग्राफ करायचा होता. म्हणजे माणसं, वस्तू, जागा यांची वर्तुळं काढायची, ती नात्यांच्या रेघांनी जोडायची आणि धंद्यातला एखादा प्रश्न विचारला की त्या रेघांवरून चालत उत्तरापर्यंत पोचायचं. मावशी गावातल्या बायांचा धानाच्या बियाण्यांचा गट चालवायची. भंडाऱ्याचा एक दुकानदार त्यांचं बी घ्यायला तयार होता, पण त्याला आधी एका प्रश्नाचं खात्रीचं उत्तर हवं होतं : पाणी उशिरा आलं तरी तग धरणारं बी कोणाकडे आहे? मी म्हटलं, मी काढून देते.

सातबाऱ्यावरून शेतकऱ्यांची नावं घेतली, त्यांना त्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे जोडले, बांध्यांना धानाचे वाण. मोठ्या हौसेने लॅपटॉप मावशीच्या पडवीत मांडला. गटातल्या बाया गोळा झाल्या. दुकानदाराचा प्रश्न टाकला आणि उत्तरात मावशीच्या नवऱ्याचं, मावसाजींचं नाव आलं.

मावसाजी तिथेच चहा पीत होते. "मले काय मालूम? तुह्या मावशीले इचार."

बाया लोटपोट हसल्या. त्यांच्यातल्या यमुनाबाई म्हणाल्या, "घरात मीठ कुठी असते ते माहीत नाही या मानसाले, अन् तुह्या डब्यानं त्याले बियानेवाला केलं!"

मी रडकुंडीला आले. मावशी मात्र हसली नाही. जवळ सरकून बसली. "काहून वं, त्या दुकानदारानं बांधी कोनाची ते इचारलं का? बी कोनाकडे हाये ते इचारलं. मंग तू बांधीच्या मालकामागं कायले धावून राहिली?"

मग तिने त्यांची रीत सांगितली. बायका एकमेकींना पायलीभर बी देतात. पीक निघालं की पायली परत करायची, आणि परत करताना धान कसं वागलं तेही सांगायचं. न सांगता कोणी नुसती पायली ठेवून गेली, तर पुढच्या वर्षी तिला बी नाही. हे सगळं एका रेघेत मावेना. म्हणून रेघ पुसून मी तिथे नवं वर्तुळ काढलं, 'देणं'. त्याला बी देणारी, घेणारी, बांधी, पाणी कधी आलं आणि काय सांगितलं, हे सारं जोडलं. पुढचे कित्येक रविवार मावशी डोळे मिटून सांगायची आणि मी लिहायची... तलावाचं पाणी न पोचलेल्या बांधीत कोणाचं बी उभं राहिलं, कोणाचं झोपलं. दुकानदाराला ते पटलं. पहिली पोती गेली. पण बरीच वर्तुळं अजून रिकामी होती आणि ती भरायला मावशीशिवाय कोणी नव्हतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी यमुनाबाई पायली घेऊन आल्या. मावशीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. "हे तिचंच बी होतं. आता कोनाले सांगू?"

"मले सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. लाल कुसाचं धान, पाणी पंधरा दिवस उशिरा आलं, खालच्या अंगाला थोडं पिवळं पडलं, पण लोंबी भरली. मी लिहीत गेले. 'कोणाला सांगितलं' तिथे माझं नाव टाकताना हात थांबला... तेवढ्यात त्या वाकून म्हणाल्या, "लिहून राहिली ते बरं. पर ऐकनारीले ते बी पेरा लागते, मालूम हाये ना?"

मला मालूम नव्हतं. मावशीने कधी सांगितलं नव्हतं, कारण मी तसं विचारलंच नव्हतं.

मावसाजींकडे मी एक बांधी मागितली आहे. पऱ्हे टाकायच्या, म्हणजे धानाची रोपं करायच्या दिवसांत माझा निकाल असेल, कदाचित नोकरीची मुलाखतही. मी बपेऱ्यालाच असेन. धान कसं वागलं, ते यमुनाबाईंना सांगायचं आहे.