देवानंदच्या गाठीले टाके

देवानंद माणसं बांधते. असं सांगितलं का ऐकणारा आधी दोन पावलं मागं सरकते, मग जवळ येऊन हळूच इचारते, "म्हणजे कसं?" याचं उत्तर देऊ देऊ त्याचे अर्धे केस पांढरे झाले.

तो अमरावतीजवळच्या फुलं पिकवणाऱ्या घरचा. माय मनकर्णाबाई झेंडू-शेवंती घेऊन बाजारात बसते. फुलाचे गठ्ठे, वालाचे मांडव, ऑटोवरच्या टोपल्या बांधता बांधता पोराच्या बोटाईले दोर कळला. पुढं पुण्यात नोकरीले असताना तो एका बाईजवळ जपानी पद्धत शिकला. राजीखुशीनं आलेल्या माणसाले तागाच्या दोरानं बांधाचं अन् त्यातून आंगावर नक्षी काढाची. कोणाले त्यात शृंगार दिसते, कोणाले नुसतं शांत वाटते. देवानंद दोन्ही लपवत नाही. मनकर्णाबाई मात्र शेजारणीले सांगे, "योगाचे क्लास घेते."

त्याचा नियम एकच. एक टोक ओढलं का सारं सुटलं पाहिजे. ही गाठ टोपल्यावरची, मायनंच शिकवलेली. अन् नाहीच सुटली, तं कंबरेले बोथट टोकाची कात्री.

मुंबईच्या प्रतीक्षा मॅडम लाखालाखाचे कपडे बनवतात. त्याईनं देवानंदचं काम इंटरनेटवर पाह्यलं अन् अकोल्याच्या कापसाच्या एका बंद जिनिंगात फोटो काढाचं ठरवलं. एप्रिल महिना, वरून टिन तापलेलं. फुलं लागत होती म्हणून मनकर्णाबाईही दोन टोपल्या घेऊन आली.

सकाळपासून मॅडमचं चालू. "देवानंदजी, मॉडेल बांधलेली वाटली पाहिजे, पण घट्ट नको."

"बरं."

"आणि सैलही दिसायला नको."

"मॅडम, दोर हाय, गजरा नोहे."

चार डाव बांधलं, चार डाव सोडलं. गीतांजली नावाची मॉडेल पोट्टी बिचारी, हात पाठीमागं बांधलेले, तशीच उभी. देवानंद दर दोन मिनिटाले इचारे, "बोटं हालव बाई. बरं वाटते?" ते हालवे. मग मॅडमले कंबरेची कात्री खुपली. फोटोत दिसते म्हणे. देवानंदनं ती चरफडत काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात फोटोवाल्यानं स्क्रीन पाहाले बोलावलं. दहा पावलं तं दूर, म्हणून गेला. चूक त्याची तेवढी.

मॅडमचे शिंपी वामनराव. चाळीस वर्सं मशीनवर गेलेली. पाठीमागं लोंबणारं मोकळं टोक पाहून त्या भल्या माणसाच्या जिवाले चैन पडेना. त्याईनं सुई घेतली, नायलॉनचा धागा ओवला अन् गाठीले आरपार आठ टाके आवळून मारले. धागा तोडाले टेबलावरची कात्री घेतली अन् सवयीनं खिशात घालून चहाले गेले.

"दादा, बोटं झिणझिणून राहिले," गीतांजली म्हणे.

देवानंद धावला. टोक ओढलं. सुटे ना. पुन्हा ओढलं, तं टाके आवळले. पोट्टीचा पंजा जांभळा.

"कात्री कोनं नेली बे?"

मॅडम म्हणतात, "जरा सांभाळून हं, तो ड्रेस पॅरिसला जायचाय!"

"अन् हात कुठी जाते हिचा? माय! तुयी कात्री दे!"

मनकर्णाबाईनं गजऱ्याची कात्री पुढं केली. देवानंदनं कातडीच्या अन् दोराच्या मधात बोट घातलं अन् कापलं. सहा महिने तेल लावून, जाळावर फिरवून मऊ केलेला दोर; त्यासंगं मॅडमची बाहीही गेली. गीतांजली खाली बसली. मनकर्णाबाई तिचा पंजा चोळत राहिली. रंग फिरला तशी ते गाठीकडं वळली.

"टाके कोनं मारले याले?"

"मी," चहाचा कप घेऊन आलेले वामनराव म्हणाले. "सुटून राहिली होती."

"सुटाचीच गाठ हाय ते! चायीस वर्सं काय शिवलं तुमी?"

शेजारणीले सांगाचा योगाचा क्लास इसरूनच गेली बाई.

एवढं झाल्यावर मॅडमनं कापलेला दोर हातात घेतला अन् डोळे मोठे केले. "काय सुंदर दिसतंय हे! असेच बारा कापून द्याल?"

देवानंदनं त्याईच्याकडं पाह्यलं. वामनरावच्या खिशातून डोकावणारी आपली कात्री काढली, दोर गुंडाळले, गीतांजलीले पुन्हा एकदा बोटं हालवाले लावली अन् तो बाहेर पडला.

बस स्टँडवर जाणाऱ्या ऑटोच्या टपावर मायनं रिकाम्या टोपल्या ठेवल्या, कापलेल्या तुकड्यानं बांधल्या. देवानंदनं जाऊन टोक ओढलं. गाठ फटदिशी सुटली अन् दोन्ही टोपल्या रस्त्यावर.

"अबे मुडद्या! काहून सोडलं?"

"सुटते का पाह्यलं."

"माही गाठ हाय ते! बांध आता."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. देवानंदनं टोपल्या उचलल्या अन् बांधाले घेतल्या.